भार

माझे वडील ओबेद तायडे, बोरखडीचे,
अकोटच्या बाजारात हमाल होते एकतीस वर्षं.
तुरीचा कट्टा पाठीवर आला की
भाव सोडून सगळं सांगायचे:
ओल किती, माती किती, मापात मारलं किती.

रविवारी तेच खांदे पांढऱ्या सदऱ्यात कोंबून
पत्र्याच्या चर्चमध्ये साक्षीला उभे राहायचे.
अकरा घरांची आमची मंडळी.
"बळ त्याचं," म्हणायचे, आणि आवाज असा
की बाहेर बांधलेली पाळकांची शेळी कान टवकारायची.
खरं सांगते, मला तेव्हा वाटायचं
देव म्हणजे बाबांहून थोडा उंच कुणीतरी,
बाजार समितीतच कामाला असेल.

सोयाबीनच्या हंगामात ट्रकची फळी सरकली.
मणक्याचा फोटो डॉक्टरांनी खिडकीला धरला,
त्यात आभाळ दिसलं, आणि एक बारीक रेघ.
कमरेखाली त्यानंतर काही नाही.

सहा महिने बाबांनी चर्चचं नाव काढलं नाही.
पाळक शांतवन खंडारे यायचे, खाटेजवळ बसायचे,
चहा निवून जायचा.
"प्रार्थना करू?"
"करा. पन मोठ्यानं नोको."
एकदा मला म्हणाले,
"ब्यांशी किलो हाव मी, सुवार्ता.
कोन उचलन मले?"

नवतपा लागला होता. सकाळी आठलाच
सातपुड्याची कड धुरकट दिसत होती.
मारोती आला, सलीमचाचा आला, त्यांची दोन पोरं,
सगळी बाबांच्याच टोळीतली,
चर्चमध्ये कधी पाऊल न टाकलेली.
प्लॅस्टिकची खुर्ची, दोन बांबू, सुतळी.
कुणी बोलावलं म्हणाल, तर कुणीच नाही.
मी पाळकांना विचारलं नंतर. ते म्हणाले, मीही नाही.

उचललं, तसे बाबा ताठ झाले.
मुठी आवळलेल्या, मान खांबासारखी,
जणू दुसऱ्यांच्या खांद्यावर बसूनही
आपलं वजन आपणच धरून ठेवणार.
चिंचेपाशी मारोती थांबला, घामानं निथळत.
"ओबेदभाऊ, तुमीच शिकवलं मले.
कट्टा एकट्याच्यानं पाठीवर घेता येते का?
दोघं देतात, तवा येते.
अन् देनाऱ्यावर भरोसा नाई ठेवला
तं मान मोडते."
मग जरा थांबून,
"आंग सोडा. भार टाका."

भार टाका.
हजारदा ऐकलं होतं मी हे, उपदेशात, मयतीत,
शाळेची फी थकली तेव्हा आईच्या तोंडून.
चित्र पुसलेल्या जुन्या नाण्यासारखं
घरात इकडून तिकडे फिरणारं.
चिंचेखाली पहिल्यांदा त्याला वजन होतं.
ब्यांशी किलो.

बाबांची मूठ उघडली. आधी डावी.
मग खांदे उतरले, मान मागे टेकली,
बांबू करकरले, चौघंही एकदम वाकले,
आणि चालू लागले,
आधीपेक्षा सोपं.

चर्चमध्ये काही झालं नाही.
म्हणजे, पाय हलले नाहीत.
कूलर खरखरत होता, शेळी आत डोकावून गेली.
भाकर पुढे आली, बाबांनी ओंजळ केली.
साक्षीच्या वेळी बसूनच बोलले, इतकं हळू
की मागच्या चटईवर ऐकू गेलं नसेल:
"मले वाटे, मीच वाहून राह्यलो त्याले."
एवढंच. मग रुमालानं तोंड पुसलं.

आता रात्री दोनला गजर होतो.
कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखम धरते.
एकटीनं ब्यांशी किलो. एकोणऐंशी असतील आता.
गुडघा खाटेला टेकवते, हात कमरेखाली घालते,
काहीतरी पुटपुटते मीही. बळ दे, असं नाही.
नुसतं, ही बाजू धर.
अंधारातून बाबांचा आवाज येतो,
हमाल हमालाला देतो तसा:
"हं. सोडलं."